दोन गुण वजा, चिठ्ठीबाहेर गेल्याबद्दल

इंजेक्शन द्यायला संत्र्यावर शिकता येतं. मी नर्सिंगला नागपुरात होते, तिथं संत्र्यांना काय तोटा! सुई टोचायची, पाणी सोडायचं, पाच-पंचवीस संत्र्यांची वाट लावली की हात बसायचा. पण समोरच्या माणसाला "तुम्हाला जगावंसं वाटतं का?" हे कसं विचारायचं, ते कशावर शिकणार? संत्रं काही उत्तर देत नाही.

म्हणून मी नाटकं करवून घ्यायचे. लग्नानंतर यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले, आणि इथल्या एका नर्सिंग कॉलेजात मानसरोगाची शुश्रूषा हा विषय शिकवण्यात सव्वीस वर्षं गेली. आधी कॉलेज शहरात होतं, नंतर शहराबाहेर नवा रायपुरात गेलं. चौबे कॉलोनीतल्या आमच्या शेजारीणबाई शेवटपर्यंत विचारायच्या, "तुम्ही नक्की काय शिकवून राहिल्या वो, नर्सिंग का ड्रामा?" मी म्हणायची, दोन्ही. संपादकांनी सांगितलंय की बोलता तसं लिहा. मी लिहिताना बरं मराठी लिहिते, पण धक्का बसला की आपोआप माहेरच्या वर्ध्याची होते, हे आधीच सांगून ठेवते. या लेखात धक्के बरेच आहेत.

पद्धत अगदी साधी. दोन खुर्च्या समोरासमोर. एकीवर रुग्ण, दुसरीवर नर्स, दोघंही विद्यार्थीच. बाकीचे भोवती बसून टिपणं घेतात. रुग्णाला मी एक चिठ्ठी द्यायची. तिच्यात नाव, वय, तक्रार आणि खाली एक ओळ: 'लपवायची गोष्ट'. नर्सनं बारा मिनिटांत ती गोष्ट काढून घ्यायची. चिठ्ठी घडी घालून स्टेपल केलेली असायची. रुग्णानं वर आपला रोल नंबर लिहायचा, कोपऱ्यात जाऊन उघडायची, वाचायची, आणि काम झालं की माझ्या पिशवीत टाकायची. शेवटी भूमिका उतरवायची. म्हणजे उभं राहून अंग झटकायचं, आपलं खरं नाव, गाव, आणि आज रात्री काय जेवणार ते मोठ्यानं सांगायचं. पोट्टे हसायचे, पण हे फार गरजेचं असतं. नाहीतर दुसऱ्याचं दुःख अंगावर घेऊनच मुलं घरी जातात.

कधीकधी मी स्वतः रुग्ण व्हायची. एकदा व्हरांड्यात मी 'माझ्या डोक्यात मशीन बसवलंय' म्हणून ओरडत होते, आणि त्याच दिवशी कामावर लागलेल्या चौकीदारानं येऊन माझा हात धरला. "चलिए अम्मा, घर का नंबर बताइए." मी म्हटलं, अरे बाबा, मी इथली मॅडम आहे. तो मान हलवत म्हणाला, "हाँ हाँ, सब यही बोलते हैं." माझे विद्यार्थी सोडवायचे सोडून पोट धरून हसत होते. हसले मीही, पण घरी येऊन भाजी चिरताना हात थांबला. एकदा रुग्ण ठरलो की आपलं खरं कोणी खरं मानत नाही, हे मी पुस्तकातून शंभरदा शिकवलं होतं. त्या दिवशी ते मनगटावर कळलं.

याच्या उलटंही होऊ शकतं, हे मात्र मला माहीत नव्हतं.

आता 'हव'ची गोष्ट सांगते. छत्तीसगढीत 'हव' म्हणजे हो. रायपुरात नवी आले तेव्हा वॉर्डात एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, खाना खा लिया? ते म्हणाले, "हव." माझ्या मराठी कानांनी ऐकलं, हवं! मी धावत जाऊन ताट वाढून आणलं. बाबांनी निमूट जेवून टाकलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, हो गया? "हव." मी आणखी भात आणला. तिसऱ्या ताटाला त्यांनी हात जोडले. वॉर्डातली आया भिंतीला टेकून हसत होती.

हा किस्सा मी दर वर्षी वर्गात सांगायची, कारण त्यापुढचा धडा मोठा होता. इथली माणसं मोठ्यांना 'नाही' म्हणत नाहीत. डॉक्टरला हव, सासूला हव, ऑफिसातल्या साहेबाला हव. आणि आपण प्रश्न कसा विचारतो? "मरने-वरने का ख़याल तो नहीं आता ना?" प्रश्नातच उत्तर घालून देतो, कारण खरं उत्तर आपल्याला झेपणार नसतं. त्यावर माणूस म्हणतो, 'हव'. आता हे 'हो, येतो' की 'हो, नाही येत'? नर्स कागदावर 'नाही'पुढे खूण करते आणि चहाला जाते. म्हणून सरळ विचारा. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवा विचार पडत नाही, उलट ओझं हलकं होतं. हा माझा ठरलेला धडा. ताटांचा किस्सा, हशा, मग धडा.

त्या वर्षीही सोमवारी तो झाला. वर्ग हसला. तिसऱ्या बाकावर हेमिन बसली होती. ती हसली की नाही, हे मी पाहिलं नाही.

हेमिन तिसऱ्या वर्षाला होती. नाव बदललंय. धमतरीकडची मुलगी. भाऊ उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात, म्हणून शेजारच्या बीरगांवला भाऊ-भावजयीजवळ खोलीत राहायची आणि दोन बस बदलून कॉलेजला यायची. अक्षर सुंदर, बोलणं जेमतेम. चार महिन्यांपूर्वी तिचा रजेचा अर्ज आला होता, 'माताजी का देहांत'. मी सही केली होती आणि म्हटलं होतं, "काळजी घे हो बेटा." झालं. एवढंच.

गुरुवारी नाटकाचा तास होता. रुग्ण हेमिन, नर्स श्वेता. श्वेता आमच्याच कॉलोनीतली, अमरावतीकडच्या घरची. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. हेमिननं चिठ्ठी घेतली, रोल नंबर लिहिला, कोपऱ्यात गेली आणि लगेच परत येऊन बसली. मला वाटलं, किती चटकन वाचते पोट्टी.

श्वेता नाव विचारायलाच विसरली. मी तिचा एक गुण कापला. मग तिनं विचारलं, क्या तकलीफ है?

हेमिन म्हणाली, "नींद नहीं आती. चार महीने से."

"खाना?"

"मन नहीं करता. भाभी परोस देती है तो खा लेती हूँ."

असा आवाज मी त्या वर्गात कधी ऐकला नव्हता. रडका नाही, काही नाही. दुधाचा हिशेब सांगावा तसा सपाट. ती सांगत गेली की इतवारला सगळे कपडे धुऊन घडी करून ठेवले, नोट्स कोणाला द्यायच्या ते ठरवलं, आता काही राहिलं नाही. आणि वाचकहो, खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, काय काम करून राहिली पोट्टी! इतक्या वर्षांत असं कोणी केलं नाही.

श्वेता घाबरली. घाबरलं की सगळे करतात तेच तिनं केलं. "मरने-वरने का ख़याल तो नहीं आता ना?"

हेमिन तिच्याकडे बघत म्हणाली, "हव."

अख्खा वर्ग फुटला. सोमवारचा धडा ताजा होता ना! सगळ्यांना वाटलं, हेमिननं श्वेताची काय फिरकी घेतली. टाळ्या वाजल्या. मीही हसले. चांगली मोठ्यानं हसले. श्वेता लाजून म्हणाली, "सॉरी मैडम, गलत पूछ लिया," आणि पुन्हा विचारायच्या आत खाली बसवाल्यानं हॉर्न दिला. साडेचारची बस चुकली तर नवा रायपुरातून परत यायला दुसरं काही नीट मिळत नाही. मुलं पिशव्या उचलू लागली. मी ओरडले, "अरे, भूमिका उतरवा आधी!" हेमिननं उभं राहून अंग झटकलं. "मैं हेमिन. गाँव... धमतरी के पास." रात्री काय जेवणार? ती थांबली, म्हणाली, "पता नहीं." कोणीतरी म्हटलं, भाभी को पता होगा, आणि सगळे हसत जिन्यानं उतरले.

बसमध्ये मी गुणपत्रकावर लिहिलं: 'अभिनय उत्कृष्ट. पण चिठ्ठीबाहेर जाऊन मजकूर वाढवला. दोन गुण वजा.' माझ्या कोणत्याच चिठ्ठीत कपडे आणि नोट्स नव्हत्या, एवढं मला पाठ होतं. शिस्त म्हणजे शिस्त.

शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. शनिवारी सकाळी मी गुणपत्रकं आणि चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन बसले. प्रत्येक पत्रकाला त्याची चिठ्ठी जोडायची असते. आमचे हे बाजूला पोहे खात होते. एकेक चिठ्ठी उलगडलेली, चुरगळलेली निघत होती. एक निघाली ती जशीच्या तशी. घडी तीच, पिन तीच. वर हेमिनचा रोल नंबर.

मला आधी काही समजलंच नाही. वाटलं, चुकून दुसरी टाकली. पिन काढली. आत माझ्याच अक्षरात: 'सुखराम, वय ६२, रेल्वेतून निवृत्त. तक्रार: हात थरथरतात. लपवायची गोष्ट: रोज दारू पितो.'

बाप्पा रे! पोट्टीनं चिठ्ठी उघडलीच नव्हती. मंग ते काय होतं? ती झोप, ती भावजय, ते कपडे, ते सारं कोणाचं होतं? मी त्याचे दोन मार्क कापले होते. अन् हसली होती. मी, जिनं आख्खी नोकरी हेच शिकवण्यात घालवली, ती पुढच्या रांगेत बसून हसली होती.

हे म्हणाले, "काय झालं वं? पांढरीफट्ट काहून पडली?"

मी म्हटलं, "गाडी काढा. बीरगांवले जायचं हाये."

हेमिनचा फोन बंद. श्वेताला लावला, पत्ता विचारला. तिनं गल्लीचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "मैडम, क्या हुआ? कल वो मेरे घर आई थी. इतनी दूर से. अपने सारे नोट्स दे गई. बोली, रख ले, तेरी राइटिंग ख़राब है." आणि मग श्वेताचा आवाजच बदलला. "मैडम... वो तो रोल में बोल रही थी ना?" मी फोन ठेवला.

आमचे हे जन्मात चाळीसच्या वर स्कूटर नेत नाहीत. त्या दिवशी नेली. मी मागे बसून एकच घोकत होते, आज शनिवार, गुरुवारपासून दोन दिवस झाले, दोन दिवस. कारखान्यांचे ट्रक अंगावरून जात होते, तोंडात काळी धूळ जात होती. बीरगांवात गल्ली सापडेना. एक बाई म्हणाली, कौन पारा? पारा म्हणजे इथं मोहल्ला. अहो, मला काय माहीत कोणता पारा! शेवटी नळावर तिची भावजयच भेटली. बादली भरत होती. "हेमिन? अंदर है ना. क्यों, कुछ हो गया क्या?"

दार उघडं होतं. हेमिन खाली बसून भाच्याचा शर्ट घडी करत होती. मला बघून उभी राहिली, डोक्यावर ओढणी घेतली. जिवंत!

आता पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सबंध रस्त्यानं मी प्रश्न तयार करत आले होते. आणि तिचा चेहरा समोर आला तशी माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं? "बेटा, तसं-वसं काही नाही ना गं तुझ्या मनात?"

"हव, मैडम," ती म्हणाली.

आणि मी सुटकेचा श्वास टाकला! देवाशपथ सांगते. "हो ना, मला वाटलंच," असं म्हणत मी चपलेकडे वळलेसुद्धा. एक पाय चपलेत गेला होता. मग ध्यानात आलं, अगं बाई, हे तू काय विचारलं? शिकलेल्याचं, शिकवलेल्याचं, कशाचंच काही राहत नाही हो आपल्या माणसासमोर. खरं उत्तर मलाही नकोच होतं.

मी परत आले. तिच्यासमोर फरशीवर बसले. म्हटलं, "हेमिन, मरने का विचार आता है?"

तिनं शर्टाची बाही सरळ केली. "आता है."

"आज भी?"

"आज भी."

मग मी विचारलं, गुरुवारी वर्गात का? माझ्या खोलीत का नाही आलीस? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच सोपं काही विचारलं. "वहाँ पूछना जरूरी था, मैडम. नंबर मिलते हैं उसके. बाकी तो कोई पूछता नहीं."

मग तिनं आईचं सांगितलं. आईला औदासीन्याचा आजार होता. हेमिननंच हट्टानं रायपूरला आणून दाखवलं होतं, गोळ्या सुरू केल्या होत्या. ती रोज संध्याकाळी गावी फोन करून विचारायची, माँ, दवाई ले रही हो ना? आई म्हणायची, "हव बेटी." रोज. आई गेल्यावर तिची पेटी उघडली तेव्हा गोळ्यांची पाकिटं निघाली. एकही गोळी फोडलेली नव्हती. "घरवाले बोले, तू तो यही पढ़ती है ना, तेरे को समझ नहीं आया? फिर सोमवार को आपने वो थालीवाला बताया. सब हँसे. मुझे तब समझ आया, मैडम. मैं पूछती ही ग़लत थी."

माझा दर वर्षीचा हमखास हशा घेणारा किस्सा. तो तिला असा जाऊन लागला होता. मी म्हटलं, बेटा, प्रश्न चुकला म्हणून आई गेली नाही, आजारानं गेली. मी म्हटलं ते खरं होतं, पण तिच्यापर्यंत पोचलं नाही, हे मला दिसत होतं.

मग भावजयीला आत बोलावलं आणि सरळ शब्दांत सांगितलं. ती बिचारी बादली तशीच टाकून रडायला लागली, म्हणाली, "हमको लगा दुबली हो गई है, बस." पंधरा मिनिटांत आम्ही रिक्षानं सरकारी दवाखान्यात निघालो. हे स्कूटर घेऊन कारखान्याच्या फाटकावर भावाला आणायला गेले.

हे छापू का, म्हणून मी अलीकडेच हेमिनला फोन केला. ती आता एका जिल्हा रुग्णालयात नर्स आहे. म्हणाली, छापिए, पर दो नंबर वाली बात भी लिखिए. लिहिली. ते दोन गुण मी परत जोडले, पण बसमध्ये लिहिलेला तो शेरा पुसला नाही. तो कागद माझ्याजवळ आहे. त्यानंतर नोकरी होती तोवर मी चिठ्ठी स्वतः उघडून हातात द्यायची, आणि मुलांच्या रजेच्या अर्जावर सही करण्याआधी त्यांना समोर बसवायची. ताटांचा किस्सा पुन्हा कधी सांगितला नाही. श्वेता मात्र तो विषयच सोडून बालरोगाकडे गेली, आणि अजून मला भेटली की नजर खाली घालते. तिची काही चूक नव्हती, हे मी तिला पुष्कळदा सांगितलंय.

दवाखान्यात त्या शनिवारी बाहेर रांग लागली होती. आत ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण, डोळे तारवटलेले, पुढ्यात छापील फॉर्म. मी एका बाजूला, भावजय दुसऱ्या बाजूला, मधे हेमिन. नाव, वय, गाव झालं. झोप झाली, भूक झाली. पान उलटलं. आता कोणता प्रश्न येणार ते मला ठाऊक होतं, आणि तो कसा येणार तेही. फॉर्मवरची नजर न उचलता तो म्हणाला, "और ऐसा-वैसा कोई विचार तो नहीं है ना?" पेन 'नाही'च्या चौकटीवर जाऊन टेकलंसुद्धा.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेमिन बोलली. आवाज बारीक, पण वर्गात होता तसा सपाट नव्हता.

"सर, ऐसे मत पूछिए. मैं अपनी माँ से ऐसे ही पूछती थी."

डॉक्टरनं वर बघितलं. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग त्यानं पेन खाली ठेवलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली, आणि नीट विचारलं.